डाळिंबाची कात्री आणि दवाखान्यातला फोन

सदर : घरचे आरोग्य

डाळिंब लावलेल्या शेतकऱ्याला ‘तेल्या’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. माढा, करमाळा, सांगोला या भागात या रोगाने भल्याभल्यांच्या बागा बसवल्या. पानावर आणि फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि वर्षाची मेहनत बांधावर फेकून द्यावी लागते. हा रोग एका सूक्ष्म जंतूमुळे होतो. पावसाच्या उडालेल्या थेंबांबरोबर तो पसरतो, आणि छाटणीच्या कात्रीवर बसूनही तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. म्हणून जाणता बागाईतदार काय करतो? एका झाडाची छाटणी झाली की कात्री औषधाच्या पाण्यात बुडवतो आणि मगच दुसऱ्या झाडाला लावतो. सोलापुरात २००५ सालापासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञही हेच सांगतात. कात्री वरून कितीही लखलखीत दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

गोठ्यातही हाच नियम आहे. एखाद्या गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली, तर तिची धार शेवटी काढायची आणि हात साबणाने धुवायचे, हे आपल्या घरातल्या बायाबापड्यांना पक्के ठाऊक असते. दगडी करणाऱ्या जंतूंपैकी एक ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ नावाचा आहे. तो धार काढणाऱ्याच्या हातावरून एका कासेतून दुसऱ्या कासेत जातो. हाच जंतू माणसाच्या जखमेतही पू करतो.

तेव्हा शेतकरी बंधूंनो आणि माताभगिनींनो, आजचा विषय तुम्हाला नवा वाटेल, पण त्यातले तत्त्व तुमच्या रोजच्या व्यवहारातले आहे. विषय आहे दवाखान्यातल्या मोबाईल फोनचा. डॉक्टरांच्या खिशातला, सिस्टरच्या हातातला आणि रोग्याच्या उशाशी बसलेल्या आपल्या स्वतःच्या हातातलाही फोन. तो एका रोग्याकडून दुसऱ्या रोग्याकडे जाणाऱ्या कात्रीसारखा फिरतो, आणि त्याला औषधाच्या पाण्याची आठवण कुणालाच होत नाही.

हात धुण्याची गोष्ट

फोनकडे येण्याआधी हाताची गोष्ट ऐकली पाहिजे, कारण फोन हा शेवटी हाताचाच सोबती आहे.

ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरी एक मोठे सूतिकागृह होते. तिथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचे तरुण डॉक्टर काम करत. बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करत, दुसऱ्यात सुइणी करत. नवल असे, की डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी जास्त असत. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पोटुशा बायका हात जोडून विनवत, की आम्हाला सुइणींच्या विभागात घ्या.

सेमेलवाइस यांनी विचार करून कारण शोधले. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतांची चिरफाड करत आणि तेच हात घेऊन बाळंतिणींकडे येत. सुइणी प्रेताला हात लावत नसत. मे १८४७ मध्ये त्यांनी नियम केला, की वॉर्डात येताना प्रत्येकाने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवावेत. आपली ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टी.सी.एल. पावडर टाकते ना, त्याच जातीचे ते औषध. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. नियमानंतरच्या महिन्यांत हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आले.

एवढे होऊनही मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांचे ऐकले नाही. आम्ही सभ्य माणसे, आमचे हात घाण कसे असतील, असा त्यांचा ताठा. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारले. जंतूंचे शास्त्र नंतर पुढे आले आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. आज जगातल्या प्रत्येक दवाखान्यात हात धुण्याचा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली रोग्याजवळ हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग ठरवून दिले. रोग्याला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर, जखम, सुई किंवा नळीचे काम करण्याआधी, रक्त, पू, लघवी यांचा संपर्क आल्यानंतर, आणि रोग्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर.

नियम चांगला आहे. पण तो पाळूनही एक भोक राहून जाते, आणि ते भोक फोनचे आहे.

फोनवर काय सापडले

भारतात पहिला मोबाईल फोन वाजला तो ३१ जुलै १९९५ रोजी. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो प्रत्येक खिशात गेला. मग जंतुशास्त्राच्या अभ्यासकांना शंका आली, की हात तर धुतले जातात, पण हातात दिवसभर असणारी ही वस्तू कधी धुतली जाते?

आपल्या महाराष्ट्रात याची तपासणी झाली ती अमरावतीला. संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या विद्यापीठातील संशोधकांनी डॉक्टरांच्या मोबाईल फोनांवरचे नमुने घेऊन तपासले आणि त्याचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध केला. बहुतेक फोनांवर जंतू सापडले, आणि त्यांत रोग करणारे जंतूही होते. गाडगेबाबांनी जन्मभर हातात खराटा धरून गावे झाडली. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने ही न दिसणारी घाण दाखवून द्यावी, हे योग्यच झाले.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, तुर्कस्तानातल्या एका अभ्यासाचे निकाल आले. तिथे दवाखान्यातल्या २०० कर्मचाऱ्यांचे हात आणि फोन दोन्ही तपासले. शंभरातल्या ९४ हून अधिक फोनांवर जंतू होते. ज्या फोनांवर मघाचा स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडला, त्यांतल्या निम्म्या ठिकाणी तो नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जातीचा निघाला. २०२० साली काही शास्त्रज्ञांनी २४ देशांतल्या ५६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सगळ्यांची सरासरी काढली तर शंभरातले ६८ फोन दूषित होते.

आणि हे फक्त दवाखान्याचेच आहे असे समजू नका. इंग्लंडमध्ये २०११ साली १२ शहरांतल्या साध्या लोकांचे फोन तपासले. दर सहा फोनांमागे एका फोनवर विष्ठेत असणारे ई-कोलाय जंतू मिळाले. कारण काय? माणसे संडासात फोन घेऊन जातात आणि हात नीट धूत नाहीत. साहेबांच्या देशाची ही कथा, मग आपण कुणाला नावे ठेवावीत?

घाबरू नका, पण समजून घ्या

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर अर्धवट ऐकून कुणी फोन विहिरीत टाकेल. फोनवर जंतू सापडले म्हणजे त्या फोनने कुणाला आजारी पाडले असे सिद्ध होत नाही. यातले बरेचसे जंतू आपल्या कातडीवर नेहमी राहणारे, निरुपद्रवी असतात. धडधाकट माणसाला त्यांचा काही त्रास नाही. फोनवरचा जंतू नेमका कोणत्या रोग्यात गेला, हे दाखवणे अवघड असते. म्हणून शास्त्रज्ञ या बाबतीत तोलूनमापून बोलतात.

मग धोका कुणाला? ज्याच्या अंगाचे कुंपण मोडले आहे त्याला. शेताला कुंपण असेल तर गुरे बाहेरूनच जातात. कुंपण मोडले की उभे पीक फस्त होते. माणसाची कातडी हे त्याचे कुंपण आहे. ऑपरेशनची ताजी जखम, भाजलेले अंग, हातात खुपसलेली सलाईनची सुई, लघवीची नळी, ही सगळी कुंपणाची भगदाडे. साखरेच्या आजाराच्या माणसाची पायाची जखम हेही एक भगदाडच. आणि सर्वांत नाजूक म्हणजे नुकते जन्मलेले बाळ, त्यातही कमी वजनाचे किंवा दिवस पुरे होण्याआधी आलेले. त्याची कातडी पातळ, नाळ ओली आणि जंतूशी लढण्याची ताकद अजून आलेली नसते. अशा बाळाच्या रक्तात जंतू शिरले तर काही तासांत ते हाताबाहेर जाते.

त्यात दवाखान्यातले जंतू घरच्या जंतूंपेक्षा हट्टी असतात. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे मारले की किडी त्याला जुमानत नाहीत, हे कापूस आणि वांगी पिकवणाऱ्याला माहीत आहे. तसेच दवाखान्यात रात्रंदिवस औषधांचा मारा होतो आणि त्यातून जे जंतू तगतात ते औषधाला जुमानत नाहीत. असा जंतू कोरड्या वस्तूवर बसला तर जातीप्रमाणे काही दिवस, कधी काही महिनेही जिवंत राहू शकतो. फोन ही तशीच कोरडी वस्तू. शिवाय ती दिवसभर हाताच्या आणि खिशाच्या उबेत असते.

जंतू प्रवास कसा करतो

वॉर्डातला साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सिस्टर एका रोग्याची पुवाची पट्टी बदलतात. हातमोजे काढतात. तेवढ्यात फोन वाजतो, म्हणून हात धुण्याआधीच त्या तो उचलतात. बोलणे झाल्यावर त्या साबणाने स्वच्छ हात धुतात. इथवर ठीक. आता त्या पलीकडच्या खाटेवरच्या बाळंतिणीकडे जातात. टाक्यांना हात लावणार, तोच पुन्हा फोन वाजतो. मघाचा जंतू फोनवर वाट पाहत होता. तो धुतलेल्या हातावर येतो आणि टाक्यांपर्यंत पोचतो. हात धुतले होते, नियम पाळला होता, तरी वाट राहिली.

यात सिस्टरला दोष देऊन चालणार नाही. एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा असतात ते आपण डोळ्यांनी पाहतो. आणि आज फोन ही चैन राहिलेली नाही. रक्ताचा अहवाल फोनवर येतो, मोठ्या डॉक्टरांना एक्स-रेचा फोटो फोनवर दाखवतात, औषधाचे माप फोनवर काढतात, लाईट गेली तर फोनच्या बॅटरीवर सलाईन लावतात. आपणही अडचणीच्या वेळी १०८ ला फोन करतो, तेव्हाच गाडी दारात येते. फोन बंद करा असे कुणी म्हणणार नाही. तो स्वच्छ ठेवा, आणि रोग्याला हात लावण्याच्या आधी त्याला हात लावू नका, एवढेच मागणे आहे.

आपल्या धरणाकाठी

आता आपल्याकडे पाहू. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. यशवंतसागराच्या काठावर केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण, कुगाव, वांगी, कंदर, टेंभुर्णी अशा गावांतून ऊस आला, केळी आली, मासेमारी आली. पण आजार मोठा झाला की अजूनही करमाळा, कुर्डुवाडी, अकलूज, इंदूर-पुण्याच्या बाता सोडून इंदापूर-बारामती, नाहीतर थेट सोलापूरचे सिव्हिल गाठावे लागते. रोगी एक आणि सोबत माणसे चार. चौघांच्या हातात चार फोन.

त्या फोनांचा दिवस कसा जातो? सकाळी गोठ्यात धार काढताना वाजतो, शेणाच्या हाताने उचलतात. केळीच्या बागेत घड कापताना चिकाच्या हाताने उचलतात. फवारणी करताना औषधाच्या हाताने उचलतात. तोच फोन दवाखान्यात खाटेवर ठेवतात, फरशीवर पडतो, संडासात जातो. बाळ जन्मले की त्याच फोनवर मुंबई-पुण्याच्या मामाला तोंड दाखवतात. फोन बाळाच्या गालाला लागतो, कधी बाळाच्या अंगावरच ठेवतात. परत घरी आल्यावर तोच फोन धाकट्या पोराच्या हातात खेळायला, आणि पोर तो तोंडात घालते. म्हणजे गावातली घाण दवाखान्यात आणि दवाखान्यातले हट्टी जंतू गावात, अशी दोन्हीकडची वाहतूक आपण स्वतःच करतो.

आशाताई आणि अंगणवाडीताई यांचेही तसेच. पूर्वी त्यांच्या हातात वही असायची. आता बरीचशी नोंद फोनवर करावी लागते. अंगणवाडीत २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, नाळ पाहायची आणि फोनवर लिहायचे. या घरभेटींची पद्धत आपल्या महाराष्ट्रातूनच देशभर गेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला ऊब, आईचे दूध, स्वच्छ हात, आणि जंतूचा ताप ओळखून वेळीच औषध. तीन वर्षांत, १९९८ पर्यंत, शेजारच्या इतर गावांच्या मानाने तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. देशभर आशाताईंमार्फत हे काम २०११ पासून चालू झाले. त्यात स्वच्छ हात हा काही एकटा उपाय नव्हता, पण त्याच्यावाचून बाकीचे उपाय लंगडे पडले असते. हे एवढे मोठे काम एका न पुसलेल्या फोनने बिघडू नये.

पाणी कोणते?

धरणाकाठच्या माणसाला हात धुवायला पाणी नाही असे कुणी म्हणणार नाही. पण डोळ्यांसमोरचे पाणी आणि स्वच्छ पाणी यांत फरक आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून आपल्या जलाशयात येते. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते ती तुम्ही पाहताच. अंगावर मळ असेल तर तो या पाण्याने निघेल, पण बाळंतिणीच्या खोलीत किंवा जखमेच्या पट्टीसाठी हात धुवायचे तर नळाचे टी.सी.एल. टाकलेले किंवा उकळून गार केलेले पाणी घ्या. साबण लावून बोटांच्या बेचक्यात, नखांत, अंगठ्याभोवती चोळा. सगळे मिळून पाऊण ते एक मिनिट लागते.

सॅनिटायझर चांगला, पण हातावर चिखल, शेण किंवा केळीचा चीक असेल तर तो उपयोगी पडत नाही. आधी साबण-पाणी, हात दिसायला स्वच्छ असतील तेव्हाच सॅनिटायझर.

फोन पुसायचा कसा

फोन धुवायचा नसतो, पुसायचा असतो. रीत अशी :

१. फोन चार्जिंगवरून काढा आणि बंद करा. चूल, गॅस किंवा उदबत्ती जवळ नको, कारण स्पिरीट पेट घेते.

२. कव्हर काढा. रबरी किंवा सिलिकॉनचे कव्हर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. कापडी किंवा चामड्याचे कव्हर दवाखान्यात नेऊच नका, त्यात घाण मुरते.

३. फोनवर मळ दिसत असेल तर आधी किंचित ओल्या फडक्याने तो काढा.

४. मग ७० टक्के अल्कोहोलने फडके ओलसर करा आणि पडदा, पाठ, कडा, बटणे पुसून घ्या. औषधाच्या दुकानात इंजेक्शनच्या आधी लावायच्या अल्कोहोलच्या पट्ट्यांची पाकिटे मिळतात, तीही चालतात. फोनवर थेट ओतू किंवा फवारू नका, भोकांतून आत गेले तर फोन जाईल.

५. आपोआप वाळू द्या. लगेच कोरड्या फडक्याने पुसलेत तर औषधाला काम करायला वेळ मिळत नाही.

काही जण विचारतील, ७० टक्केच का? शुद्ध स्पिरीट जास्त जालीम नाही का? नाही. शुद्ध स्पिरीट झटकन उडून जाते. थोडे पाणी मिसळलेले असले की ते जंतूच्या आतवर शिरते आणि टिकते. फवारणीचे औषध नुसते मारण्यापेक्षा योग्य पाण्यात कालवून मारल्याने नीट बसते, तसेच समजा.

बटणांचा फोन असेल तर बटणांच्या फटी जास्त जपून पुसा. आपल्याकडे होडीत जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, ती युक्ती दवाखान्यातही चांगली आहे. रोग्याजवळ असेपर्यंत फोन पातळ पारदर्शक पिशवीत ठेवा. निघताना पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाका आणि हात धुवा.

दवाखान्यात आपण काय करावे

रोग्याजवळ एकाच माणसाने थांबावे आणि एकानेच फोन बाळगावा. बाकीच्यांनी बाहेर बसावे. फोन खाटेवर, उशीवर, रोग्याच्या ताटाजवळ ठेवू नये. संडासात नेऊ नये. जखमेवर, नळीवर, बाळाच्या अंगावर तो टेकू देऊ नये. बाळाचा फोटो काढायचाच असेल तर हातभर लांबून काढावा, आणि ज्याच्या हातात फोन त्याने बाळाला घेऊ नये. घरी परतल्यावर चप्पल जशी बाहेर काढतो, तसा फोन आधी पुसावा, हात धुवावेत, मगच पोराबाळांना जवळ घ्यावे.

डॉक्टरसाहेबांना किंवा सिस्टरना सांगायचे कसे, हा प्रश्न अवघड वाटतो. आपली माणसे दबतात. त्यांना राग आला तर आपल्या रोग्याकडे दुर्लक्ष होईल, अशी भीती असते. पण आदराने बोलले तर कुणी रागावत नाही. “सिस्टर, तुम्ही आत्ता फोनला हात लावला, बाळाला घ्यायच्या आधी तेवढे हात धुऊन घेता का?” एवढेच बोलावे, तेही हळू आवाजात. आशाताई घरी आल्या की त्यांच्यापुढे आधी तांब्या, साबण आणि स्वच्छ टॉवेल ठेवावा. आपण चहा विचारतो, तसेच हे. आधी बाळाचे सगळे पाहून घ्यावे आणि फोनवरची नोंद शेवटी करावी, अशीही विनंती करता येते. म्हणजे फोन आणि बाळ यांची गाठ पडत नाही.

आणि एक सार्वजनिक काम. बेसिनला पाणी नसेल, साबण संपलेला असेल, तर सिस्टरला हात धुवा म्हणणे अन्यायाचे आहे. सरकारी दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते. गावाला ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला थोडा अबंधित निधी मिळतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ‘कायाकल्प’ योजना सुरू केली. तीत स्वच्छता आणि जंतुसंसर्ग रोखण्याच्या कामावर सरकारी दवाखान्यांना गुण आणि बक्षीस मिळते. तेव्हा ग्रामसभेत उठून विचारा : आपल्या उपकेंद्रात साबण आहे का? हात धुवायला वाहते पाणी आहे का? आशाताईंच्या पेटीत फोन पुसायला स्पिरीट आहे का? रस्त्याच्या आणि वीजबिलाच्या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न नोंदवहीत गेला पाहिजे.

या कामाला खर्च फारसा नाही. स्पिरीटची एक बाटली, एक स्वच्छ फडके, साबणाची वडी आणि दिवसातली दोन मिनिटे. घरात कुणी बाळंत झालेले असेल, कुणाचे ऑपरेशन झालेले असेल किंवा साखरेच्या आजाराची जखम असेल, तर आजच संध्याकाळी घरातले सगळे फोन एका ताटात गोळा करा आणि पुसून काढा. पोरांनाही हाताशी घ्या. एकदा सवय लागली की ती पोरेच तुम्हाला आठवण करून देतील.